गाडी मागे घेताना : एक आरसा, एक कॅमेरा आणि चार तारा

इमारतीच्या आवारातून किंवा अरुंद बोळातून मोटार मागे घेतली जात असताना कुणीतरी मागे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या... अजून थोडं... बास!" असे ओरडत असते आणि शेवटी गाडीच्या पाठीवर हाताने थाप मारते. हे दृश्य तुम्ही नेहमी पाहता. कदाचित हे काम तुम्हीही केले असेल. चालकाजवळ तीन आरसे असतात, मागे मोठी काच असते. तरीही त्याला या माणसाची गरज का भासते?

हा प्रश्न तसा जुनाच आहे. मोटारींच्या शर्यतींच्या आरंभीच्या काळात चालकाच्या शेजारी एक मेकॅनिक बसत असे आणि मागून कोण येत आहे हे तो वळून पाहून सांगत असे. १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे झालेल्या ५०० मैलांच्या शर्यतीत रे हॅरून हा स्पर्धक एकटाच गाडीत बसला. मेकॅनिकऐवजी त्याने गाडीवर एक आरसा बसवला होता. ती शर्यत त्याने जिंकली. मागे पाहणाऱ्या माणसाचे काम आरसा करू लागला.

आज त्या आरशातच एक पडदा आणि पुढे पाहणारा एक कॅमेरा बसवलेला मिळतो. दुसरा कॅमेरा गाडीच्या पाठीमागे लावतात. या उपकरणाला बाजारात ‘मिरर डॅशकॅम’ म्हणतात. ते गाडीत बसवताना तुमच्या पुस्तकातील प्रकाश आणि विद्युत ही दोन्ही प्रकरणे कामास येतात. ती कशी, हे आपण क्रमाने पाहू.

न दिसणारा पट्टा

प्रथम थोडी भूमिती करू. समजा, चालकाचे डोळे जमिनीपासून १.२० मीटर उंचीवर आहेत. मागील काचेची खालची कड १.०० मीटर उंचीवर असून ती डोळ्यांपासून २.५ मीटर मागे आहे. चालकाने मागे वळून पाहिले, तर त्या कडेला चाटून जाणारी दृष्टिरेषा २.५ मीटर अंतरात ०.२० मीटर, म्हणजे दर मीटरला ८ सेंटिमीटर खाली उतरते. मग ती जमिनीला कोठे टेकेल? १.०० ला ०.०८ ने भागा. उत्तर येते १२.५ मीटर. म्हणजे काचेच्या मागे १२.५ मीटरपर्यंतची जमीन चालकाला दिसतच नाही!

आता ८० सेंटिमीटर उंचीचे, नुकतेच चालू लागलेले मूल घ्या. त्याचा माथा दिसण्यासाठी दृष्टिरेषा २० सेंटिमीटर खाली यावी लागते आणि त्यासाठी २.५ मीटर अंतर लागते. त्याहून जवळ असलेल्या मुलाच्या डोक्याचा केससुद्धा मागील काचेतून दिसणार नाही. चालकाची नजर कितीही तीक्ष्ण असली तरी यात फरक पडत नाही, कारण प्रकाश सरळ रेषेत जातो आणि मध्ये पत्रा आहे. ही मापे उदाहरणादाखल घेतली आहेत. टेप घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या गाडीची मापे घ्या आणि स्वतः गणित करून पाहा.

या पट्ट्याने अनेक बळी घेतले आहेत. २००२ साली अमेरिकेत कॅमेरॉन गल्ब्रान्सन हा दोन वर्षांचा मुलगा घराच्या अंगणात स्वतःच्या वडिलांच्याच मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून मरण पावला. गाडी चालवणाऱ्या वडिलांना तो दिसलाच नव्हता. त्याच्या नावाने झालेल्या कायद्यावर २८ फेब्रुवारी २००८ रोजी स्वाक्षरी झाली. मागे येणाऱ्या गाड्यांमुळे त्या देशात वर्षाला सरासरी २१० माणसे मरतात आणि त्यांपैकी ३१ टक्के मुले पाच वर्षांखालील असतात, असे तेथील महामार्ग सुरक्षा खात्याने २०१४ साली नमूद केले. १ मे २०१८ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडीमागील सुमारे ३ मीटर रुंद व ६ मीटर लांब जागा त्यात दिसली पाहिजे आणि रिव्हर्स गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र पडद्यावर आले पाहिजे, असा नियम आहे. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना, मागील अडथळा जाणवताच वाजणारे संवेदक सक्तीचे झाले.

जुन्या गाडीत मात्र कॅमेरा मागाहून बसवावा लागतो. तेथूनच तारांची गोष्ट सुरू होते. पण त्याआधी आरशाकडे पाहू.

काच, आरसा आणि पडदा

एकच काच आरसाही असते आणि पडदाही, हे कसे? रात्री खोलीत दिवा लावून खिडकीच्या बंद काचेकडे पाहा. काचेत तुमचाच चेहरा दिसतो. आता खोलीतला दिवा मालवा. लगेच बाहेरचा रस्ता दिसू लागतो. काच तीच आहे. आपल्या बाजूचा परावर्तित प्रकाश जास्त असेल तर ती आरसा होते आणि पलीकडून येणारा प्रकाश जास्त असेल तर ती खिडकी होते. डॅशकॅमच्या काचेवर अतिशय पातळ परावर्तक थर असतो. तो काही प्रकाश परत फेकतो व काही आरपार जाऊ देतो. मागचा पडदा बंद असताना तो साधा आरसा असतो; पडदा उजळला की चित्र दिसते. वीज गेली तरी आरसा उरतोच, हा यातला मोठा गुण होय.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. आरशात दिसणारी दहा मीटर मागची गाडी डोळ्याला दहा मीटरहूनही दूर भासते आणि डोळा तेवढ्या अंतरासाठी जुळवून घेतो. पडद्यावरचे चित्र मात्र हातभर अंतरावरच असते. म्हणून चाळिशी लागलेल्या काकांना आरशात स्पष्ट दिसते, पण पडद्यावर धूसर दिसू शकते. कॅमेरा घेण्यापूर्वी त्यांनी पडद्याकडे एकदा पाहून घेतलेले बरे.

डावे कोणते, उजवे कोणते?

गाडीत बसल्याप्रमाणे पुढे तोंड करून उभे राहा. तुमच्या डावीकडे भिंत आहे असे समजा. आता मागे वळा. भिंत उजवीकडे आली! मागे तोंड केलेला कॅमेराही असेच पाहतो. त्याचे चित्र जसेच्या तसे दाखवले तर गाडीच्या डाव्या बाजूची स्कूटर पडद्यावर उजवीकडे दिसेल. आरशात मात्र डावीकडची वस्तू डावीकडेच दिसते. चालकाच्या हाताला आरशाची सवय असते. म्हणून मागच्या कॅमेऱ्याचे चित्र मुद्दाम आडवे उलटवून दाखवतात.

बसवलेला कॅमेरा तपासण्याची युक्ती सोपी आहे. गाडी बंद असताना एकाने मागे डाव्या बाजूला उभे राहावे. तो पडद्याच्या डाव्या भागात दिसला तर सारे ठीक. उजव्या भागात दिसला तर पडद्याच्या मेनूतून चित्र उलटवून घ्यावे. ही चूक तशीच राहिली, तर चालक स्कूटरपासून दूर जाण्याऐवजी नेमका तिच्यावरच जाईल.

चार तारा, चार कामे

मोटारीतील बॅटरीत शिसे व सल्फ्युरिक आम्ल यांचे सहा घट एकसर जोडलेले असतात. प्रत्येक घटाचे सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून भरलेल्या बॅटरीचे सुमारे १२.६ व्होल्ट होतात. बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते. त्यामुळे प्रत्येक दिव्याला दोन तारा न्याव्या लागत नाहीत. धन तार न्यायची आणि धारेची परतीची वाट पत्र्यातून. यालाच गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात. ती जमिनीत जात नाही, हे ध्यानात असू द्या.

आपल्या उपकरणाला चार ठिकाणी जोडणी लागते. तारांचे रंग नेहमी असेच असतील असे नाही, पण पुढील रंग बहुधा आढळतात.

पहिली, काळी : ही अर्थची तार. ती पत्र्याला घट्ट आवळलेल्या बोल्टखाली बसवतात. रंग हा विद्युतरोधक असल्याने रंगवलेल्या पत्र्यावर जोडणी होत नाही. उघडा धातू हवा.

दुसरी, पिवळी : हिला किल्ली बंद असतानाही वीज मिळते. गाडी उभी असताना लक्ष ठेवण्यासाठी ती लागते.

तिसरी, लाल : हिला किल्ली फिरवल्यावरच वीज मिळते. गाडी आता वापरात आहे, ही बातमी ती उपकरणाला देते.

चौथी, मागच्या कॅमेऱ्याची बारीक लाल तार : ही रिव्हर्सच्या पांढऱ्या दिव्याच्या धन तारेला जोडतात. रिव्हर्स गिअर टाकला की त्या दिव्याला १२ व्होल्ट मिळतात. तेच विभवांतर या तारेतून पुढे पोहोचते आणि पडद्यावर मागचे दृश्य येते. बहुतेक मिरर डॅशकॅमांत मागच्या कॅमेऱ्याला लागणारी वीज आरशाकडून लांब तारेतून येते. ही बारीक तार फक्त इशारा देते. थोडक्यात, "येऊ द्या" म्हणणाऱ्या माणसाला हाक मारणारी ही तार होय.

कोणती तार कोणती, हे अंदाजाने ठरवायचे नसते. त्यासाठी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर असतो. त्याचे काळे टोक पत्र्याला लावून लाल टोकाने तपासावे. रिव्हर्सची तार शोधताना इंजिन बंद, किल्ली ‘ऑन’, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले असावेत. गिअर टाकला की १२ व्होल्ट आणि काढला की शून्य, अशी जी तार असेल तीच खरी. चूक झाली तर लक्षणावरून ती ओळखता येते. रात्री दिवे लावताच मागचे दृश्य येऊ लागले तर इशाऱ्याची तार मागच्या तांबड्या दिव्याला जोडली गेली आहे. ब्रेक दाबला की दृश्य येत असेल तर ती ब्रेकच्या दिव्याला लागली आहे.

फ्यूज कुणाचा राखणदार?

पिवळी व लाल या तारा गाडीच्या फ्यूजपेटीतून घेतात. त्यासाठी दोन फ्यूज बसतील असा एक धारक मिळतो. एका घरात गाडीचा मूळ फ्यूज राहतो, दुसऱ्यात नव्या तारेचा. कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. आकड्यांबरोबर या फ्यूजांना रंगही असतात : ३ चा जांभळा, १० चा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा.

पुष्कळांना वाटते की फ्यूज उपकरणाला वाचवतो. त्याचे मुख्य काम तारेला वाचवण्याचे आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फ्यूज वारंवार जातो म्हणून कुणी ३ ऐवजी १५ अँपिअरचा बसवला, तर त्याच बारीक तारेतून पाचपट धारा फ्यूज न वितळता वाहू शकेल आणि उष्णता होईल पंचवीसपट! आसनाखाली, गालिच्याखाली तार तापून आवरण वितळेल आणि आग लागण्याची वेळ येईल. फ्यूज गेला तर दोष शोधावा, फ्यूज मोठा करू नये. तसेच एअरबॅग, ब्रेक आणि इंजिन यांच्या फ्यूजांना हात लावू नये. मनोरंजनाच्या किंवा चार्जिंगच्या मंडलातून वीज घ्यावी.

मापे झाली की जोडणीपूर्वी बॅटरीची तार काढतात; त्यातही ऋण टोक आधी. असे का? धन टोक सोडवताना पाना चुकून पत्र्याला टेकला, तर बॅटरीची दोन्ही टोके पान्यातून थेट जोडली जातील आणि ठिणग्या उडतील. ऋण टोक मुळातच पत्र्याशी जोडलेले असते, म्हणून ते सोडवताना पाना टेकला तरी काही होत नाही. ते एकदा निघाले की परतीची वाटच बंद होते.

बाराचे पाच

आरशाला लागतात ५ व्होल्ट आणि गाडी देते १२ ते १४.५. मधला फरक कोठे घालवायचा? एखादा रोध लावून तो घालवता येईल. पण दीड अँपिअर धारेला ७ व्होल्ट उतरवायचे तर १०.५ वॅट शक्ती नुसती उष्णता होऊन जाईल. उपकरणाला मात्र ५ गुणिले १.५, म्हणजे ७.५ वॅटच हवेत! म्हणून तारेच्या मध्ये एक लहान डबी असते. तिच्यातील इलेक्ट्रॉनिक कळ सेकंदाला हजारो वेळा उघडते व मिटते आणि शेजारचे वेटोळे व धारित्र मिळून ते धक्के सपाट करतात. नळ पूर्ण सोडून लगेच बंद करत राहिलो तर बादलीत सरासरीने कमीच पाणी पडते, तसे हे आहे. १२ व्होल्टमधून ५ मिळवण्यासाठी कळ सुमारे ४२ टक्के वेळ चालू राहते. ही डबी वगळून तार थेट जोडली तर उपकरण तत्काळ जळेल.

तार नेण्याची वाट

आरशापासून डिकीपर्यंत जाणारी लांब तार छताच्या अस्तराच्या कडेने सरकवतात. समोरच्या काचेजवळच्या खांबात आणि छताच्या कडेला बऱ्याच गाड्यांत एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. अपघात होताच ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फुगते. तार तिच्यावरून आडवी नेली तर पिशवीच्या वाटेत अडथळा येईल. म्हणून तार पिशवीच्या मागून, गाडीच्या मूळ तारांच्या जुडग्याला बांधून नेतात. डिकीच्या दारापाशी ती रबरी नळीतून जाते. तेथे थोडा ढिला भाग ठेवावा, नाहीतर दार उघडझाप करून तार आतल्या आत तुटेल.

कॅमेरा लावायचा तो बाहेर, नंबरप्लेटच्या वर. मागच्या काचेच्या आत लावला तर पत्र्याआडचा तो पट्टा त्यालाही दिसणार नाही! त्याचे भिंग रुंद कोनाचे असल्याने वस्तू आहे त्यापेक्षा दूर वाटते. म्हणून जमिनीवर खडूने एक, दोन व तीन मीटरच्या रेषा ओढून त्या पडद्यावर कोठे दिसतात हे चालकाने पाहून ठेवावे.

उभ्या गाडीची भूक

गाडी उभी असताना उपकरण ०.३ अँपिअर घेते असे समजा. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची असेल तर निम्मी बॅटरी, म्हणजे २२.५ अँपिअर-तास, किती वेळात संपेल? २२.५ भागिले ०.३, म्हणजे ७५ तास. सुट्टीत चार दिवस गावाला जाऊन आलात की गाडी सुरू होईलच याची खात्री नाही. शिवाय शिशाची बॅटरी फार उतरली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे घट्ट थर बसतात. यासाठी त्या डबीत विभवांतर साधारण १२ व्होल्टच्या आसपास उतरताच वीज तोडणारे मंडल असते. जास्त दिवस गाडी उभी राहणार असेल तर पिवळ्या तारेचा फ्यूजच काढून ठेवावा.

करून पाहा

खऱ्या गाडीतील जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. तिचे प्रतिरूप मात्र शाळेत करता येते. पत्र्याचे एक झाकण घ्या आणि त्याचा रंग दोन ठिकाणी खरवडा. ही झाली गाडी. टॉर्चचे दोन घट एकसर जोडून त्यांचे ऋण टोक झाकणाला लावा. धन टोकापासून एक कळ, कळीपासून टॉर्चचा बल्ब आणि बल्बचे दुसरे टोक झाकणाला. हा झाला रिव्हर्सचा दिवा. आता एक तांबडा एलईडी आणि १०० ओहमचा रोध एकसर जोडून ती जोडी बल्बला समांतर लावा. एलईडीचा लांब पाय धन बाजूला हवा. कळ दाबताच दोन्ही उजळतात. नंतर हीच जोडी बल्बशी एकसर जोडा. एलईडी लागेल, पण बल्ब विझलेला राहील. इशाऱ्याची तार दिव्याला समांतर का जोडतात, हे यावरून कळेल. झाकणाच्या रंगवलेल्या भागावर तार टेकवूनही पाहा.

शेवटची गोष्ट

चित्र पडद्यावर यायला क्षणभर वेळ लागतो. ताशी ५ किलोमीटर वेगाने मागे येणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे २.८ मीटर जाते. आपण काढलेला २.५ मीटरचा पट्टा एवढ्यात संपून जातो! म्हणून गिअर टाकल्यावर चित्र येईपर्यंत थांबणे आवश्यक आहे. कॅमेरा दाखवतो, पण "बास" म्हणत नाही. ते चालकानेच म्हणायचे असते.

आणि मागे उभे राहून "येऊ द्या" म्हणणाऱ्यासाठीही एक नियम आहे. प्रकाश ज्या वाटेने जातो त्याच वाटेने उलटही येऊ शकतो. म्हणून गाडीच्या आरशात तुम्हाला चालकाचे डोळे दिसत असतील तरच चालकाला तुम्ही दिसू शकता. ते दिसत नसतील, तर तुम्ही त्या न दिसणाऱ्या पट्ट्यात आहात. ताबडतोब बाजूला व्हा, आणि धाकट्या भावंडांनाही हात धरून बाजूला घ्या.